विंडोज १०चा आधार गेला, फुकट स्टोरेजचीही मुदत आहे; कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर फोटोंची तिजोरी होऊ शकतो का?

'तुमचं स्टोरेज भरत आलं आहे.' ही सूचना आता हिंगोलीतल्या फोनवरही तेवढीच येते, जेवढी पुण्या-मुंबईत येते. लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे वाढदिवस, व्हॉट्सॲपवर आलेले आजोबांचे व्हॉइस मेसेज, हळदीच्या ढिगाबरोबर काढलेले फोटो, सगळं एकाच १५ जीबीत कोंबलेलं असतं. आणि त्याच घरात, टेबलाखाली किंवा माळ्यावर, प्लास्टिकचं आवरण घातलेला एक कॉम्प्युटर असतो. एमएस-सीआयटीच्या सरावासाठी किंवा मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेला, आता 'स्लो झाला' म्हणून बंद ठेवलेला.

या दोन गोष्टींची सांगड घालता येते का, हा प्रश्न सध्या बरेच जण विचारतायत. सोशल मीडियावर त्याची उत्तरं फार सोपी दिली जातात: 'जुना पीसी फेकू नका, अर्ध्या तासात स्वतःचा गूगल ड्राइव्ह बनवा.' अर्ध्या तासात ते होत नाही. पण होतं. कोणासाठी फायद्याचं आहे आणि कोणासाठी नुसताच खटाटोप, ते मात्र आधी समजून घ्यायला हवं.

फुकट जागा कुठे गेली?

गूगल फोटोजमध्ये 'हाय क्वालिटी'चे कितीही फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते बंद झालं आणि नवे फोटो १५ जीबीच्या कोट्यात मोजले जाऊ लागले. त्या कोट्यात जीमेल आणि ड्राइव्हही येतात. २०२४ मध्ये अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही, जो तोवर मोफत होता, त्याच कोट्यात धरला जाऊ लागला. एका कुटुंबाचे चार-पाच ग्रुप आणि रोजचे 'शुभ सकाळ' बघता, फक्त व्हॉट्सॲपच कितीतरी जीबी खातं.

मग कंपन्यांनी नवी दारं उघडली. मे २०२५ मध्ये एअरटेलने पोस्टपेड आणि वायफाय ग्राहकांना सहा महिने १०० जीबी गूगल वन दिलं. ३० ऑक्टोबर २०२५ ला जिओ आणि गूगलने जाहीर केलेली योजना त्याहून मोठी: अनलिमिटेड ५जी प्लॅन असणाऱ्यांना १८ महिने गूगल एआय प्रो, आणि त्यासोबत २ टीबी जागा. सुरुवात १८ ते २५ वयोगटापासून झाली, नंतर ती इतरांसाठीही खुली झाली.

दोन टीबी म्हणजे साध्या फोनच्या फोटोंसाठी प्रचंड जागा. पण यातला कळीचा शब्द 'फुकट' हा नाही, '१८ महिने' हा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये योजना सुरू केलेल्याची मुदत मे २०२७ मध्ये संपते. तोवर कोणी ३०० जीबी भरले असतील, तर एकोणिसाव्या महिन्यात त्याचा कोटा परत १५ जीबी होतो. फोटो लगेच पुसले जात नाहीत. मात्र नवे फोटो चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणं-जाणं थांबतं. नोकरीच्या मुलाखतीचा मेल असो की परीक्षेच्या हॉल तिकिटाचा. दोन वर्षं कोटा ओलांडलेलाच राहिला, तर गूगल मजकूर काढून टाकू शकतं. म्हणजे बहुतेक लोक त्या महिन्यात मुकाट्याने पैसे भरतील. योजनेचं गणितही तेच आहे, आणि त्यात बेकायदा काही नाही.

आणखी एक नियम कमी लोकांना माहीत आहे. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक गूगल खाती डिसेंबर २०२३ पासून हटवली जाऊ लागली. घरातलं माणूस गेलं, त्याचा फोन कपाटात गेला, की त्याच्या खात्यातल्या फोटोंचं घड्याळही सुरू होतं.

आणि चांगले कॉम्प्युटर अडगळीत का गेले?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. ज्यांनी नोंदणी केली त्यांना सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण कागदावर म्हातारं.

कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ मध्येच अंदाज दिला होता की या बदलामुळे जगभरात सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच रीतसर नोंद आणि पुनर्वापर झाला.

त्यात २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडीच्या किमती चढू लागल्या. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, म्हणून कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा जुना ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा कॉम्प्युटर महाग होत असताना जुन्याकडे लोकांचं लक्ष जाणं साहजिक आहे.

घरचा स्टोरेज सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

नाव मोठं आहे, वस्तू साधी. ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो तो डबा राउटरला लॅन केबलने जोडायचा, त्यात हार्डडिस्क ठेवायची, आणि घरातले सगळे फोन वायफायवरून त्या डिस्कवर फोटो ठेवणार. त्याला मॉनिटर, माउस, कीबोर्ड काहीच लागत नाही. एकदा बसवला की फोनच्या ब्राउझरमधून चालवता येतो. बाजारात असेच तयार डबे 'नॅस' नावाने मिळतात, पण डिस्कशिवायही त्यांची किंमत चांगल्या फोनइतकी असते.

यासाठीच्या सिस्टिम मोफत आहेत. सर्वांत जास्त चर्चा ट्रूनॅसची होते. तिचा पूर्वज फ्रीनॅस २००५ मध्ये सुरू झाला. पण ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम हवी, आणि जुन्या घरगुती पीसीत ती क्वचितच असते. फ्रीनॅसवरच काम करणाऱ्या फोल्कर टाइले यांनी पुढे डेबियन लिनक्सवर आधारलेली ओपन मीडिया व्हॉल्ट ही सिस्टिम काढली. ती १ जीबी रॅमवरही उठते. हिंगोलीतल्या त्या माळ्यावरच्या डब्यासाठी, माझ्या मते, प्रश्न इथेच मिटतो. यूट्यूबवर ट्रूनॅस बघून रॅम विकत घ्यायला धावू नका, विशेषतः या भावात.

कोणता कॉम्प्युटर घ्यावा, कोणता नाही?

पहिली अट: प्रोसेसर ६४-बिट हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२-बिट पीसींसाठी इन्स्टॉलर देणंच थांबवलं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'मध्ये 'सिस्टिम टाइप' बघा. 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' लिहिलं असेल तर चालेल, मग वर विंडोज ३२-बिट असली तरी हरकत नाही. कोअर टू ड्युओ चालतो. सुरुवातीचे पेंटियम ४ सोडून द्या. ते चालले तरी काम न करताही इतकी वीज खातात की बिलात सगळी बचत जाते.

दुसरी गोष्ट हार्डडिस्क. डबा जुना चालेल, डिस्क जुनी नको. दहा वर्षं फिरलेल्या डिस्कवर लग्नाचे फोटो ठेवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी साठवणं. हजारो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपले आकडे जाहीर करते; २०२४ मध्ये त्यांच्या १.५७ टक्के डिस्क निकामी झाल्या. तेही वातानुकूलित खोलीत. मे महिन्यात चाळिशी पार करणाऱ्या मराठवाड्यात, पत्र्याखालच्या खोलीत, डिस्क तेवढी टिकेल असं धरू नका. जुन्या डिस्कची 'स्मार्ट' तपासणी करा. 'रीॲलोकेटेड सेक्टर'चा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, तर ती डिस्क तिजोरीसाठी बाद.

जुना लॅपटॉप असेल तर तो डेस्कटॉपपेक्षा बरा. वीज कमी खातो आणि बॅटरी थोडी जरी धरत असेल तरी तोच त्याचा यूपीएस. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, हे हात लावून बघा. टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल, खालचं झाकण उचललेलं असेल, तर ती बॅटरी आधी काढा. चोवीस तास चार्जिंगला लावलेली फुगलेली बॅटरी घरात ठेवायची वस्तू नाही.

खरी अडचण: तो बूटच होत नाही

इथे बहुतेकांचा उत्साह संपतो. पेनड्राइव्ह तयार केला, लावला, बटण दाबलं, आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'नो बूटेबल डिव्हाइस'. म्हणून हा भाग सविस्तर.

कॉम्प्युटर चालू होताना आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम उठतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, साधारण २०१२ नंतरच्या यंत्रांत यूईएफआय. त्याचं काम एवढंच: मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघायचं आणि सिस्टिम कुठून सुरू करायची ते ठरवायचं. दोघांच्या पद्धती वेगळ्या. बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात लिहिलेलं वाचतो. यूईएफआय डिस्कवर एक वेगळा छोटा विभाग शोधतो आणि त्यातली फाइल चालवतो. पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झाला आणि सेटिंग दुसऱ्या पद्धतीचं असेल, तर इन्स्टॉल व्यवस्थित 'सक्सेसफुल' होतं आणि पुढच्या वेळी यंत्र काहीच ओळखत नाही. २०१२ ते २०१६ च्या सुमाराचे कॉम्प्युटर दोन्ही पद्धती चालवतात, म्हणून गोंधळ त्यांच्यातच जास्त. उपाय: सेटिंगमध्ये 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' यांपैकी एकच निवडा, दोन्ही चालू ठेवू नका, आणि मग नव्याने इन्स्टॉल करा.

सेटिंगमध्ये जायला यंत्र सुरू होताच डिलीट किंवा एफ२ सारखं दाबत राहायचं. कोणती कळ ते कंपनीवर अवलंबून. एका वेळेपुरतं पेनड्राइव्हवरून सुरू करायला बऱ्याच यंत्रांत एफ१२, काहींत एफ९ किंवा एफ११. पेनड्राइव्हवर डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रॅमने ती 'लिहावी' लागते. ही चूक इतकी सर्रास होते की बायोसला दोष देण्याआधी हीच तपासा. मागच्या बाजूचा यूएसबी पोर्ट वापरा. पुढच्या पोर्टची आतली वायर जुन्या डब्यांत अनेकदा सैल असते.

दुसरा खड्डा असा. ओपन मीडिया व्हॉल्ट असो की ट्रूनॅस, सिस्टिम ज्या डिस्कवर बसवाल ती अख्खी डिस्क ती स्वतःसाठी घेते. एकाच ५०० जीबीच्या डिस्कवर सिस्टिम आणि फोटो दोन्ही ठेवू, हा हिशेब तिथे चुकतो. सिस्टिम छोट्या जुन्या एसएसडीवर बसवा, किंवा चांगल्या पेनड्राइव्हवर. मोठी डिस्क फक्त डेटासाठी. पेनड्राइव्हवर बसवायची असेल तर पेनड्राइव्ह दोन लागतील, एक इन्स्टॉलरचा आणि एक ज्यावर सिस्टिम राहील तो. आणि ओपन मीडिया व्हॉल्टमध्ये फ्लॅश मेमरीसाठीचं प्लगइन सुरू करा, नाहीतर सतत लिहून लिहून पेनड्राइव्ह काही महिन्यांत मरतो.

इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा. खरोखर काढा. इन्स्टॉलर 'कोणती डिस्क' असं विचारतो तेव्हा यादीत नुसते 'एसडीए', 'एसडीबी' असतात, आणि चुकीच्या ओळीवर एंटर दाबलं की जुने फोटो गेले. बॅकअपसाठी सुरू केलेल्या कामात सगळं हरवण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे.

मोठ्या डिस्कबद्दल एक गैरसमजही काढून टाकू. 'जुन्या बायोसवर २ टीबीपेक्षा मोठी डिस्क चालत नाही' असं दुकानातही सांगतात. ते अर्धंच खरं. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कवरच्या तुकड्यांचे क्रमांक ३२ बिटांत लिहितात. ५१२ बाइटचा एक तुकडा धरला तर हिशेब २.२ टीबीला संपतो. ही अडचण मुख्यतः त्या डिस्कवरून बूट करताना येते. बूट छोट्या डिस्कवरून होत असेल आणि मोठी डिस्क जीपीटी पद्धतीने फॉरमॅट केली असेल, तर लिनक्स तिला बहुतेक जुन्या बोर्डांवरही नीट हाताळतं.

लाइट गेली की काय होतं?

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ हे सांगत नाहीत, कारण ते जिथे बनतात तिथे लाइट जात नाही. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या गावात पावसाळ्याच्या एका आठवड्यात वीज किती वेळा जाते-येते, ते तिथल्यांना विचारा.

घरगुती पीसी वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाही. तो बटणाची वाट बघत राहतो. बायोसमध्ये 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तत्सम नावाचं सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑन' करा. त्याबरोबर 'हॉल्ट ऑन' हे सेटिंग 'नो एरर्स' करा. नाहीतर कीबोर्ड जोडलेला नाही म्हणून यंत्र 'कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा' असं म्हणत थांबतं. दाबायला कीबोर्ड नसताना. जुन्या बायोसचा हा विनोद अनेक वर्षं चालत आलाय.

ही सगळी सेटिंग्ज टिकतात ती मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर, सीआर२०३२. बंद पडून राहिलेल्या कॉम्प्युटरची ही बॅटरी बहुधा संपलेली असते. मग प्रत्येक वेळी लाइट गेली की तारीख मागे जाते, बूटचा क्रम मूळ पदावर येतो आणि तुमची सगळी मेहनत पुसली जाते. घड्याळाच्या दुकानात मिळणारा हा सेल आधी बदला, मगच बाकी काही करा.

अचानक वीज गेल्याने फाइल बिघडू शकते, म्हणून छोटा यूपीएस घ्या. घरचा साधा इन्व्हर्टर काही क्षण उशिरा चालू होतो. तेवढ्यात जुना पीसी रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड'चं बटण असेल तर ते चालू करा. आणि कडाडणाऱ्या विजेच्या दिवसांत प्लग काढणं हाच उपाय. त्यासोबत राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा.

वीजबिलाचा हिशेब

'फुकट क्लाउड' हा शब्द इथे मोडतो. साधा जुना डेस्कटॉप नुसता चालू असताना साधारण ४० वॉट घेतो असं धरू. चोवीस तासांत जवळपास १ युनिट, महिन्याला २९, वर्षाला ३५०. हिशेबासाठी १० रुपये युनिट धरलं तर वर्षाला ३,५०० रुपये. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात आणि हे २९ युनिट तुमच्या वापराच्या सर्वांत वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. ज्याचा वापर शंभर युनिटच्या आत आहे त्याला ते स्वस्त पडतील, शंभर ओलांडणाऱ्याला महाग. १२ वॉटच्या लॅपटॉपचे हेच वर्षाला १०५ युनिट, म्हणजे सुमारे १,०५० रुपये.

समोर गूगल वनचे भारतातले नेहमीचे दर ठेवा: १०० जीबी वर्षाला १,३०० रुपये, २ टीबी ६,५०० रुपये. म्हणजे ज्याला १०० जीबीच लागते, त्याने डेस्कटॉप चोवीस तास चालवणं म्हणजे तोट्याचा धंदा. पाचशे जीबीच्या पुढे, किंवा चार-पाच जणांचे फोन असतील, तर पारडं हळूहळू सर्व्हरकडे झुकतं.

पण चोवीस तास चालवायलाच हवं असं कोणी सांगितलं? फोटोंचा बॅकअप दिवसातून दोन तासांत होतो. बऱ्याच बायोसमध्ये ठरलेल्या वेळी यंत्र सुरू करण्याची सोय असते. रात्री नऊला उठला, अकराला बंद झाला, तर तोच ४० वॉटचा डेस्कटॉप वर्षाला २९ युनिट खातो. जेमतेम तीनशे रुपये. गावाकडच्या घरासाठी मला ही पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते. डिस्कलाही उन्हाळ्यात विश्रांती.

चालू यंत्राच्या रिकाम्या वेळेबद्दल एक वेगळी गोष्ट, हिंगोलीच्याच संदर्भातली. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहतेय. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोचा डेटा तपासायला २००५ पासून 'आइनस्टाइन ॲट होम' हा उपक्रम जगभरातल्या सामान्य लोकांचे घरचे कॉम्प्युटर वापरतो. याच उपक्रमातून २०१० मध्ये, अरेसिबो दुर्बिणीच्या डेटात, घरगुती यंत्रांनी एक नवा पल्सार शोधून दिला. कोणालाही सामील होता येतं. मात्र त्यात प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतो, त्यामुळे वरचं वीजबिलाचं गणित तिथे लागू नाही.

घरचा सर्व्हर बाहेरून बघायचा तर?

इथे सावध. मुलगी पुण्यात शिकते, तिला तिथून फोटो बघायचेत, म्हणून राउटरवर 'पोर्ट' उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर टाकण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या घरगुती डब्यांवर बाहेरून हल्ला झाला आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा डेटा रात्रीत पुसला गेला. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅपच्या इंटरनेटवर उघड्या डब्यांतल्या फाइल कुलूपबंद केल्या. त्या तर कंपन्यांनी बनवलेल्या वस्तू होत्या.

शिवाय आपल्याकडच्या बहुतेक घरगुती कनेक्शनना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतोच. एका पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही अनेकदा काही होत नाही. टेलस्केलसारखी सेवा वापरा. ती फक्त तुमच्या उपकरणांमध्ये खाजगी वाट तयार करते आणि घरच्या वापरासाठी मोफत आहे.

जुने फोटो गूगलवरून खाली आणायचे असतील तर 'गूगल टेकआउट' आहे. ५० एमबीपीएसच्या कनेक्शनवर ५०० जीबी उतरायला बावीस तासांहून जास्त लागतात, आणि तयार झालेल्या लिंकची मुदत साधारण आठवडाभराची असते. एकदम सगळं मागू नका, वर्षावर्षाचे अल्बम निवडून उतरवा. फोटोची तारीख कधी कधी वेगळ्या छोट्या फाइलमध्ये येते. त्या फाइल कचरा समजून पुसल्या तर २०१४ चं लग्न २०२६ मध्ये झालेलं दिसतं.

एक प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

फोटो फोनमधून काढून सर्व्हरवर टाकले आणि फोन रिकामा केला, तर प्रत अजूनही एकच आहे. फक्त जागा बदलली. दोन डिस्क जोडून एकीवरचं दुसरीवर आपोआप उतरवण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात, आणि तीही बॅकअप नाही. चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकाच क्षणी जातो. डबा चोरीला गेला, घरात पाणी शिरलं, तर दोन्ही डिस्क एकत्रच जातात. कयाधूच्या काठच्या लोकांना पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. १० जुलै २०२४ च्या सकाळी कळमनुरी तालुक्यात केंद्रबिंदू असलेला ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा नांदेड-परभणीपर्यंतची घरं हलली. फळीवर ठेवलेली, फिरती डिस्क खाली पडायला तेवढा धक्का पुरतो. डबा जमिनीजवळ ठेवा, पण अगदी जमिनीवर नको.

म्हणून तिसरी प्रत गावाबाहेर. एक पोर्टेबल डिस्क वसमतच्या मामाकडे, किंवा पुण्यातल्या भावाकडे. दिवाळीला आले की घेऊन यायचं, नवे फोटो भरायचे, परत न्यायचं. यात इंटरनेट लागत नाही आणि हॅकरही येत नाही. खरं सांगायचं तर ज्या घरात सगळा मिळून १००-२०० जीबीच डेटा आहे, त्यांना सर्व्हरची गरजच नाही. दोन पोर्टेबल डिस्क दोन घरांत ठेवल्या की झालं. सर्व्हरचा फायदा तिथे, जिथे माणूस केबल लावायचा कंटाळा करतो आणि फोन आपोआप चढावा असं वाटतं. म्हणजे जवळपास सगळीकडे.

काय जपायचं हेही ठरवा. सातबारा, आधार, गुणपत्रिका यांच्या प्रती महाभूलेख, डिजिलॉकर यांवरून पुन्हा मिळतात. आजीचा आवाज कुठल्याच सरकारी पोर्टलवर नाही. जागा कमी असेल तर पहिला नंबर तिचा.

सेवा केंद्र आणि फोटो स्टुडिओवाल्यांसाठी

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओसाठी असा सर्व्हर खरोखर उपयोगी आहे, फक्त लॅन पोर्ट गिगाबिट आहे का ते बघा. जुन्या बोर्डांवर १०० एमबीपीएसचा पोर्ट असतो. त्यावरून ५०० जीबी कॉपी व्हायला बारा तास लागतात, गिगाबिटवर सव्वा तासाच्या आसपास.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी मात्र ग्राहकांच्या आधार-पॅनच्या स्कॅन प्रती 'पुन्हा लागतील' म्हणून अशा डब्यात साठवू नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने लागू होतायत. सुरक्षेत कसूर झाल्यास कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. छोट्या केंद्राला तेवढा होणार नाही, पण दुसऱ्याचं आधार आपल्या माळ्यावर ठेवण्याचं कारणही नाही. काम झालं की पुसा.

आणि जो डबा उठलाच नाही, त्याचं काय?

भंगारवाल्याला देण्याआधी हार्डडिस्क काढून घ्या. 'डिलीट' केलेले आणि साधं 'फॉरमॅट' केलेले फोटो मोफत प्रोग्रॅमनेही परत मिळतात. डिस्क चालत असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिणारा पुसण्याचा प्रकार वापरा. त्याला काही तास लागतात. चालत नसेल तर आतली चकती निकामी करा. ड्रिलने दोन-तीन छिद्रं पुरतात.

बाकीचा डबा रीतसर द्यायचा असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. ब्रँडेड पीसी असेल तर त्या कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर जुनं यंत्र परत घेण्याची माहिती असते. असेंबल्ड असेल तर पॉवर सप्लाय, रॅम आणि कॅबिनेट जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात विचारा. रॅमच्या सध्याच्या भावात जुन्या पट्टीलाही गिऱ्हाईक मिळू शकतं.